ओरखड्याचा डॉलर

"हात लावू नका," अनुग्रह म्हणाला. "नाणं नेहमी कडेनं धरायचं. कडेनं."

वहिनींनी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. जेवणाच्या टेबलावर, मेणकापडावर, सात डॉलर मांडून ठेवले होते. पाच काळपट आणि दोन नव्या वाटीसारखे लखलखीत.

"हे दोन असे का?" त्यानं विचारलं.

"चिंच लावली," वहिनी म्हणाल्या. "केवढे कळकट झाले होते. बाकीचेही करणार होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."

अनुग्रहनं डोळे मिटून घेतले. पुण्याला विमा कंपनीत असलेला हा माझा चुलतभाऊ. फेब्रुवारीत आत्या गेली तेव्हा त्याला मातीला यायला जमलं नव्हतं, महत्त्वाची मीटिंग होती. आत्याचे डॉलर निघाले म्हटल्यावर मात्र त्याला दोन दिवसांची रजा मिळाली. मरणाला न मिळणारी सवलत चांदीला मिळते, हे मला त्या नोव्हेंबरात कळलं.

डॉलर खरे अमेरिकन होते. राहेलआत्या आमच्या गावच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मोठ्या डॉक्टर म्हणजे एक अमेरिकन मिससाहेब. त्या एकदा सुट्टीवरून परतताना थैलीभर चांदीचे डॉलर घेऊन आल्या आणि दर नाताळला ज्याचं काम पसंत पडेल त्याच्या हातावर एक ठेवू लागल्या. पगार वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडत असावं. आत्यानं आपले डॉलर खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि शेवटच्या आजारपणात तो डबा माझ्या हातात दिला. "हे तुझ्याकडे ठेव," म्हणाली. "शलमोनला देऊ नकोस, तो कमिटी नेमेल."

शलमोन म्हणजे माझा मोठा भाऊ, पंचायत समितीत अधीक्षक. घर त्याच्या नावावर. मी गावातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे आत्याचं आजारपण माझ्या वाट्याला येणं सगळ्यांना अगदी स्वाभाविक वाटलं होतं. डबा मी कपाटात ठेवला. नाताळच्या रंगकामासाठी वहिनींनी कपाट ओढलं, डबा पडला, आणि कमिटी आपोआप नेमली गेली.

"आता नीट ऐका," अनुग्रह म्हणाला. "अमेरिकेत कंपन्या असतात. त्यांच्याकडे नाणं पाठवायचं. ते तपासतात, अस्सल की नकली ते सांगतात आणि सत्तरपैकी मार्क देतात. मग प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. याला ग्रेडिंग म्हणतात. त्याशिवाय बाजारात कोणी विचारत नाही."

"सत्तरपैकी का?" मी विचारलं. "शंभरपैकी का नाही?"

"तशी पद्धत आहे."

"पस्तीसला पास का मग?"

"रत्ना, मध्ये बोलू नकोस," दादा म्हणाला. जिथं शिक्का असतो तिथं तो आदरानं बसतो. "खर्च कोण करणार?"

यावर सगळेच नाण्यांकडे पाहू लागले. फायदा वाटून घ्यायला तिघं तयार होतो, फीच्या बाबतीत मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचा आत्यावरचा हक्क अधिक वाटत होता.

अनुग्रह भिंग घेऊन एकेक नाणं पाहू लागला. पाचव्या नाण्याशी तो थांबला. साल पाहिलं, उलटं केलं, गरुडाच्या शेपटाखालचं टांकसाळीचं बारीक इंग्रजी अक्षर पाहिलं, आणि त्याचा आवाज बदलला. "दादा, या सालची नाणी फार थोडी निघालीत. हे खरं असेल तर बाकी सहा विसरा." त्यानं नाणं पुन्हा सुलटं केलं. नाण्यावरच्या बाईच्या गालापाशी भिंग नेलं आणि पोटात कळ आल्यासारखा चेहरा केला. "कुठल्या गाढवानं ओरखडा काढलाय हा?"

आम्ही आळीपाळीनं पाहिलं. ओरखडा नव्हता. बाईच्या गालावर कोणीतरी टोकदार वस्तूनं अक्षर कोरलं होतं. आपलं, मराठी. 'य'.

दादा खुर्चीत मागे टेकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येशू," तो म्हणाला.

दादा त्या वर्षी चर्चच्या पंचमंडळात खजिनदार व्हायला उभा होता आणि फेब्रुवारीत, आत्याच्या पहिल्या स्मरणदिनी, चर्चच्या भिंतीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी बसवणार होता. पाटीवर 'आजन्म सेवाव्रती' असं यायचं होतं. 'य' त्याला वरून पाठवल्यासारखाच वाटला असणार.

"एकटा जीव," तो म्हणाला. "रात्रपाळीत बसून तारणाऱ्याचं नाव कोरलं असेल तिनं."

"एवढंच का कोरलं मग?" मी विचारलं. "'शू'ला काय झालं?"

"पेशंटनं हाक मारली असेल," वहिनी म्हणाल्या.

"पण असा ओरखडा असेल तर आकडाच देत नाहीत ते," अनुग्रह काकुळतीला येऊन म्हणाला. "नुसतं 'खराब' लिहितात. एखाद्या कारागिराकडून हलकेच काढून घेतला तर कदाचित..."

"येशूचं नाव घासून काढायचं?" दादा म्हणाला. "माझ्या घरात?"

विषय तिथं थांबला. अनुग्रह पुण्याला परत गेला. जाताना रविवार पेठेतल्या पोरवाल नावाच्या नाण्यांच्या व्यापाऱ्याचा पत्ता लिहून ठेवून गेला. पाठवायची ती नाणी त्याच्यामार्फतच अमेरिकेला जायची होती.

वहिनींनी ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असं ठरलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या मिशन कंपाउंडला ती माहीत झाली. आधी पाळकसाहेब आले. आत्याची चर्चच्या छपरासाठी काही देण्याची तीव्र इच्छा होती, असं त्यांना आठवलं. त्यांच्या मागोमाग, चारच्या सुमाराला, बोरुडेकाका आले.

बोरुडेकाका दवाखान्यात कंपाउंडर होते. आत्या निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली तेव्हापासून ते रोज चारला यायचे, व्हरांड्यात तिच्यासमोरच्या खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे आणि पाचला जायचे. त्याआधी ती क्वार्टरमध्ये राहायची तेव्हा तिथं जायचे. दादा त्यांच्या चहातली साखर मनातल्या मनात मोजायचा. आत्या गेल्यावर त्यांचं येणं थांबलं, आणि खरं सांगायचं तर ते थांबलंय हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता पाहिलं तर वरचे सगळे दात गेलेले, खालचे दोन-तीन शिल्लक. बोलताना शब्दांच्या कडा झिजून बाहेर येत होत्या.

"सलाम रत्ना," ते म्हणाले. मिशनमध्ये आयुष्य काढल्यामुळे ते आम्हाला सलामच म्हणायचे. "डॉलर सापडले म्हणे."

"सापडले. तुम्हालाही छपरासाठी हवेत का?"

"नाही. त्यातला एक माझा आहे. तो घ्यायला आलो."

मी हसले. ते हसले नाहीत.

"मला मिससाहेबांनी एकदाच दिला," ते म्हणाले. "कॉलऱ्याच्या साथीच्या वर्षी. तो मी तुझ्या आत्याला दाखवायला नेला, आणि त्यावर माझं नाव टाकायला लागलो. इंजेक्शनच्या सुईनं. अख्खं टाकणार होतो, पण एक अक्षर झालं आणि तिनं सुई काढून घेतली. बाईचा गाल खराब होतोय म्हणाली. आणि डॉलरही ठेवून घेतला. पुढचं अक्षर पुढल्या नाताळात टाक म्हणाली."

"कोणतं अक्षर झालं होतं?"

"पहिलंच की. 'य'."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. जन्मापासून मी या माणसाला बोरुडेकाका म्हणत होते. त्यांना स्वतःचं असं एक नाव असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"तुमचं नाव काय हो काका?"

"यशवंत."

आत दादा फोनवर कुणाला तरी 'य'चा अर्थ समजावून सांगत होता. त्याचा गहिवरलेला आवाज व्हरांड्यात स्पष्ट येत होता.

"मग?" मी विचारलं. "पुढल्या नाताळात?"

"पुढल्या नाताळात ती म्हणाली, बाप्तिस्मा घे. माझी आई माळकरी, तिनं विहीर जवळ केली असती. मी म्हणालो, कचेरीत जाऊन रजिस्टर करू. तर मिससाहेबांनी हिला क्वार्टरमधून बाहेर काढलं असतं. दोन-तीन वर्षं असंच चाललं." त्यांनी व्हरांड्यातल्या खुर्चीची धूळ झटकली. "मग आम्ही चहावर आलो."

मला गहिवरून आलं. मी मराठी शिकवत होते, अशा प्रसंगी काय वाटायला हवं याचा मला चांगला सराव होता. हा म्हातारा आता ते नाणं छातीशी धरेल, उशाखाली ठेवेल, असं सगळं चित्र माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"आठवण म्हणून हवाय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"छे. विकायचाय."

"विकायचाय?"

"दात बसवायचेत. पुतण्या म्हणतो या वयात दात कशाला, खिचडी खा. त्याचंही बरोबर आहे. म्हणून म्हटलं, आपला डॉलर आहे तो आणावा. तुझी आत्याच म्हणायची, मी गेले की तुझा तू घेऊन जा. मी बरेच दिवस थांबलो, लगेच मागायला बरं दिसलं नसतं."

डोळ्यांत आलेलं पाणी कुठं ठेवावं हे मला कळेना.

रात्री जेवताना मी दादाला सगळं सांगितलं. कॉलरा, सुई, 'य'. बोरुडेकाकांचं नावही सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

"उद्या कोणीही येईल," तो म्हणाला. "उद्या तो पोस्टमन येऊन सांगेल की गरुड माझा आहे."

"त्यांना अक्षर माहीत होतं, दादा. नाणं न पाहता."

"तुझ्या वहिनीनं अख्ख्या कंपाउंडला सांगितलंय."

"मी 'येशू' एवढंच सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "सुईचं मला काय माहीत?" मग त्या विचारात पडल्या. "म्हणजे इतकी वर्षं ते रोज चहाला यायचे ते..."

"चहा म्हणजे चहा," दादा म्हणाला. "त्याला दुसरा काही अर्थ नसतो."

"मग त्यांचा डॉलर त्यांना देऊन टाकू," मी म्हणाले. "चहा म्हणजे चहा आणि डॉलर म्हणजे डॉलर."

त्यानं ताट बाजूला सारलं. "तुला कळतंय का तू काय बोलतेस? तिच्या नावाची पाटी लागतेय. 'आजन्म सेवाव्रती'. आणि तू एका कंपाउंडरला बोलावून सांगणार, हे घ्या, तुमचं नाव आमच्या आत्यानं जपून ठेवलं होतं? लोक काय म्हणतील? पाळक काय म्हणतील?"

"ते छपराचं काय झालं विचारतील."

दादा हसला नाही. थोडा वेळ तो टेबलावर बोट आपटत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "अनुग्रह सांगत होता ते बरोबर आहे. नाणं असं पाठवण्यात अर्थ नाही. शनिवारी मी ते सोनाराकडे नेतो. पाच मिनिटांचं काम. गाल साफ झाला की सगळेच अमेरिकेला पाठवू."

"येशूचं नाव घासणार?"

"कोणाचं नाव?" दादा म्हणाला. "ओरखडा आहे तो."

चोवीस तासांत त्या एका अक्षराचा तारणारा, कंपाउंडर आणि शेवटी ओरखडा झाला होता. शाळेत एवढी प्रगती मी कुठल्याच मुलीची पाहिली नव्हती.

दादाशी मी तोवर कधी भांडले नव्हते. भांडण्याला घर लागतं आणि घर त्याचं होतं. डबा मात्र माझा होता, आत्यानं माझ्या हातात दिला होता. शुक्रवारी मी शाळेत किरकोळ रजेचा अर्ज टाकला, डब्यातून तो एक डॉलर काढून रुमालात बांधला, बोरुडेकाकांना घेतलं आणि पुण्याची एसटी धरली.

पोरवालांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. स्वतः पोरवाल बारीक, सावकाश बोलणारे. त्यांनी नाणं वजनकाट्यावर ठेवलं, लोहचुंबक लावून पाहिला, एक जाडजूड पुस्तक उघडून त्यातल्या चित्राशी ताडून पाहिलं. बोरुडेकाका समोरच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले होते, दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहणाऱ्या नातेवाइकासारखे.

"मला तर अस्सल वाटतं," पोरवाल म्हणाले. "पण मला वाटून उपयोग नाही, त्यांना वाटलं पाहिजे. आणि ते याला मार्क देणार नाहीत. चेहऱ्यावर ओरखडा आहे."

"अक्षर आहे ते," बोरुडेकाका म्हणाले.

"त्यांना मराठी येत नाही, आजोबा."

"घासून काढलं तर?" मी विचारलं. मला फक्त दादाच्या सोनाराबद्दल खात्री करून घ्यायची होती.

"मग 'घासलेलं' असं लिहितील. ते आणखी वाईट. चिंच, राख, पावडर, काहीही लावलेलं त्यांना लगेच कळतं." मला वहिनींची आठवण झाली. "हे बघा," ते पुढे म्हणाले, "दोन रस्ते आहेत. तुम्ही फी भरा, मी पाठवतो. 'अस्सल, पण खराब' एवढं तरी लिहून येईल, आणि तेवढ्यानंही भाव बराच वाढेल. तीन-चार महिने लागतील, कधी पाचही. नाहीतर जोखीम माझ्यावर टाका आणि आत्ता द्या. मी आत्ता पैसे देतो, पण मग निम्म्याहून कमी."

"ओरखडा नसता तर?" बोरुडेकाकांनी विचारलं.

पोरवालांनी एक आकडा सांगितला. काकांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग त्यांनी नाण्यावरच्या बाईच्या गालाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"ती म्हणत होती, खराब होतोय," ते म्हणाले.

"काका, ग्रेडिंगला पाठवू या," मी म्हणाले. "फी मी भरते. दुपटीहून जास्त मिळतील."

"चार महिने?"

"फार तर पाच," पोरवाल म्हणाले.

"नको. जानेवारीच्या आत दात पाहिजेत."

मला वाटलं, कुठंतरी हुरड्याचा बेत असेल. मी पुन्हा समजावलं. शिक्षकाला एखादी गोष्ट दोनदा समजावल्याशिवाय चैन पडत नाही. इतकी वर्षं थांबलात, आणखी चार महिने थांबा, असंही म्हणाले. हे वाक्य कोणाला म्हणतेय हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "नाणं माझं आहे ना?"

"तुमचंच आहे."

"मग दे त्यांना."

मी रुमाल उघडला. निदान मोबाइलवर एक फोटो काढून घेऊ का, असं विचारलं. ते म्हणाले, कशाला. पोरवालांनी पैसे मोजले, काकांनी ते न मोजता बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या होऊन थोडे उरतील, एवढे होते. निघताना ते नाण्याकडे वळून पाहतील म्हणून मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. ते चप्पल शोधत होते.

परतीच्या गाडीत मला राग आला होता. कोणावर ते नक्की ठरत नव्हतं. भावाच्या घरात आता काय वाढून ठेवलंय हे माहीत होतं, आणि ज्याच्यासाठी हे केलं तो माणूस खिडकीशी बसून रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या बघत होता. शिरूर येईपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत राहिले. मग राहवेना.

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?" मी विचारलं.

"कशाचं?"

"विकून टाकलात त्याचं. इतकी वर्षं तिनं जपलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी पहिलीच्या वर्गातला प्रश्न विचारला होता.

"मी काय रोज डॉलर बघायला यायचो का तुमच्याकडे?"

घोडनदीचा पूल आला आणि गेला. बऱ्याच वेळानं, हार मानल्याचं दिसू नये म्हणून, मी दुसराच प्रश्न काढला.

"आणि दातांची एवढी घाई कशाला? काय खायचंय एवढं?"

"खायला नाही. बोलायला."

"बोलताय की चांगले."

"तू शेजारी बसलीयस म्हणून कळतंय तुला." ते पुन्हा बाहेर बघू लागले. "मातीच्या दिवशी पाळकांनी विचारलं होतं ना, कोणाला काही बोलायचंय का? मी उठलो होतो. तोंडातून नुसती हवाच आली. पुढच्या बाकावरची पोरं हसली. मग तुझ्या भावानं हातानं खूण केली, बसा म्हणून. मी बसलो."

"मला कसं आठवत नाही?"

"तू रडत होतीस."

घरी आल्यावर दादानं विचारलं, डॉलर कुठं आहे. मी सांगितलं. त्यानं डबा घेऊन आपल्या कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. काही हवं असलं तर वहिनींना सांगायचा आणि वहिनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप पोचवायच्या. त्यांना त्या कामात बराच रस निर्माण झाला. आज पंधरा वर्षं झाली, आता आम्ही बोलतो, पण अजूनही महत्त्वाचं काही असलं की तो आधी वहिनींकडे बघतो.

उरलेले सहा डॉलर अनुग्रहनं हौसेनं ग्रेडिंगला पाठवले. ते पोरवालांनी सांगितलं होतं त्यापेक्षा लवकर, स्मरणदिनाच्या आदल्या आठवड्यातच परत आले. चिंच लावलेल्या दोघांना आकडा मिळाला नाही, 'घासलेलं' असा शेरा होता. चौघं पास झाले. सगळी मिळून जी किंमत झाली ती फी, विमा आणि कुरिअर यांच्या बेरजेपेक्षा थोडीशीच कमी होती. दादानं सर्वांत जास्त मार्क मिळालेला डॉलर टीव्हीच्या शेजारी उभा करून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोर्डात आलेल्या मुलासारखा दाखवू लागला.

स्मरणदिनाला चर्च भरलं होतं. दादा नुकताच खजिनदार झाला होता, त्यामुळे लोकांना येणं भागच होतं. पाटी छान झाली होती, अक्षरं सोनेरी. पाळकसाहेबांनी पडदा ओढला, प्रार्थना झाली, मग दादा बोलायला उभा राहिला. त्याला बोलता येतं, हे कबूल करायला हवं. 'य'चा त्यानं उल्लेख केला नाही. आत्याची सेवा, तिचा त्याग, दवाखान्यातल्या रात्री. "संसार नाही, सोबत नाही," तो म्हणाला. "आमच्या आत्या आयुष्यभर एकट्या राहिल्या. एकट्या जगल्या आणि एकट्याच गेल्या." दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. तिच्या उशाशी सहा महिने बसलेली मी, तिसऱ्या बाकावरून हे ऐकत होते.

"आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणं विचारलं आणि रीतीप्रमाणं आशीर्वादासाठी हात वर करायला घेतला.

पुरुषांच्या बाजूला, मागच्या दारापाशी, बोरुडेकाका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. ती त्यांनी काढून हातात घेतली. दादानं मातीच्या दिवशी केली तशीच हातानं खूण केली. त्यांनी ती पाहिली. बसले नाहीत.

"मी यशवंत बोरुडे," ते म्हणाले. "इथला कंपाउंडर." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, मागे 'बाई' न लावता त्यांनी तिचं नाव घेतलं. "राहेल एकटी नव्हती. मी होतो."

एवढं बोलून ते खाली बसले.

कवळी उत्तम बसली होती. पार वेदीपर्यंत शब्दन्‌शब्द ऐकू आला.